कंपनीने पक्षाला दिलेला पैसा हा कुणाचा आवाज?

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या एका मराठी कुटुंबाची पीथमपूरला यंत्रांचे सुटे भाग बनवणारी खासगी मर्यादित कंपनी आहे. दोघे भाऊ संचालक, भागधारक एकूण सात, त्यांत एक आत्या आणि एक चुलत बहीणही. निवडणुकीच्या तोंडावर एका पक्षाची माणसं कारखान्यात येऊन पाच लाखांचा चंदा मागून गेली. धाकटे भाऊ विचारतात: "अमेरिकेत कंपनीने निवडणुकीत पैसा खर्च करणं हे अभिव्यक्तिस्वातंत्र्य मानलं जातं. आपल्या राज्यघटनेतही कलम १९ आहे. मग आम्ही कुणाला दिले हे जगजाहीर करायची सक्ती का? उद्या दुसरा पक्ष आला तर आमच्यावर डूख धरणार नाही का? आणि निवडणूक बाँड बंद झाल्यावर आता द्यायचे तरी कसे?"

मी २८ वर्षं इंदुरात कंपनी सेक्रेटरी म्हणून काम करते आहे. आपलं कंपनी निबंधक कार्यालय ग्वाल्हेरला. सुरुवातीची काही वर्षं फायलींची बोचकी घेऊन रात्रीच्या गाडीने तिकडे जावं लागायचं, आता सगळं संगणकावरून होतं. या काळात कंपन्यांनी पक्षांना दिलेल्या देणग्यांचे ठराव मी स्वतः लिहिले आहेत. त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे, आणि त्यातली एक गोष्ट मला अजून टोचते. ती पुढे सांगते.

आधी तुमच्या पाच लाखांचं. कंपनी कायदा २०१३, कलम १८२. कंपनी सरकारी नको, किमान तीन आर्थिक वर्षं जुनी हवी, आणि आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच एका वर्षात देता येतं. तुम्ही कळवलेले नफ्याचे आकडे २५, ४० आणि ५५ लाख. सरासरी ४० लाख, त्याचे साडेसात टक्के म्हणजे ३ लाख. पाच लाख देताच येणार नाहीत. "आता मर्यादा राहिली नाही" असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते २०१७ नंतरच्या काही वर्षांपुरतं खरं होतं. २०१७ च्या वित्त कायद्याने ती मर्यादा काढली होती. निवडणूक बाँड, म्हणजे स्टेट बँकेतून घेऊन पक्षाला निनावी द्यायचे रोखे, रद्द करणाऱ्या १५ फेब्रुवारी २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते काढणंच घटनाबाह्य ठरवलं आणि मर्यादा पुन्हा जागेवर आली. ती ओलांडली तर कंपनीला देणगीच्या पाचपटीपर्यंत दंड, आणि जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद व तेवढाच दंड होऊ शकतो. जबाबदार अधिकारी म्हणजे तुम्ही दोघे भाऊ.

आता मूळ प्रश्न. अमेरिकेबद्दल आपल्याकडे जे ऐकू येतं ते निम्मंच असतं. २१ जानेवारी २०१० चा तो निकाल 'सिटिझन्स युनायटेड' या नावाने ओळखला जातो. हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणारा एक माहितीपट एका ना-नफा संस्थेने केला होता आणि २००८ च्या उमेदवार निवडीच्या काळात तो केबलवर दाखवायचा होता. कंपन्यांच्या तिजोरीतून असा प्रचार करायला २००२ च्या कायद्याची मनाई होती. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती मनाई रद्द केली. बहुमताचा निकाल न्या. अँथनी केनेडी यांनी लिहिला. बोलणारा माणूस आहे की कंपनी, हे बघून सरकारने राजकीय बोलण्यावर बंदी घालू नये, हा त्यांचा गाभ्याचा मुद्दा. 'कंपनीला बोलायचा हक्क' म्हणतात तो हा.

पण त्याच निकालात आणखी दोन गोष्टी आहेत आणि त्या सहसा कुणी सांगत नाही. एक, कंपनीने संघीय निवडणुकीत उमेदवाराला किंवा पक्षाला थेट देणगी देणं तिथे १९०७ पासून बंद आहे, आणि ते २०१० नंतरही बंदच राहिलं. मोकळा झाला तो स्वतंत्रपणे केलेला खर्च, म्हणजे उमेदवाराशी संगनमत न करता स्वतःच्या नावाने केलेला प्रचार. दुसरी, खर्च कुणी केला हे जाहीर करण्याची सक्ती त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी उचलून धरली. कोण बोलतंय हे मतदाराला कळलं तर तो त्या बोलण्याचं वजन ठरवू शकतो, असं केनेडींनीच लिहिलं. पुढे काही प्रकारच्या ना-नफा संस्थांनी देणगीदारांची नावं न सांगता प्रचारावर खर्च केला आणि तिथे 'डार्क मनी'चा बोभाटा झाला. ती कायद्यातली फट आहे. त्या निकालाने गुप्ततेचा हक्क दिला नव्हता. म्हणजे तुमच्या प्रश्नातलं "सांगायची सक्ती का?" हे अमेरिकेच्या नावावर टिकत नाही. थेट देणगीच्या बाबतीत तर तुमच्या कंपनीला तिथे इथल्याहून कमी मोकळीक आहे.

दोन्ही देशांची मांडणी शेजारी ठेवली की एक मजेशीर उलटापालट दिसते. तिथे १९७६ च्या 'बकली' निकालापासून देणगीवर मर्यादा चालते, खर्चावर चालत नाही. आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा आहे. मध्य प्रदेशात लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. पक्षाच्या खर्चावर मर्यादा नाही, आणि व्यक्तीने पक्षाला किती द्यावं यावरही नाही. पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरायचा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता प्रकरणात म्हटलं होतं. त्याच महिन्यात वटहुकूम आला आणि तो निकाल निष्प्रभ झाला. तेव्हापासून पैशाचा मोठा ओघ पक्षाच्या खात्याकडे वळला. म्हणून आपल्याकडे सगळं ओझं एकाच प्रश्नावर येऊन पडतं: पक्षाला कोण देतं?

आता आपलं कलम १९. त्यातलं भाषण व अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य 'सर्व नागरिकांना' आहे. शब्द 'नागरिक' आहे, 'व्यक्ती' नाही, आणि या एका शब्दावर बरंच काही उभं आहे. कंपनी कायद्याने व्यक्ती आहे. ती खटला भरते, जमीन घेते, कर भरते. पण ती नागरिक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सांगितलं. मग वर्तमानपत्र चालवणाऱ्या कंपनीचं काय? १९७२ च्या बेनेट कोलमन प्रकरणात न्यूजप्रिंटच्या, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाच्या, सरकारी धोरणाने अंकाच्या पानांवर दहाची मर्यादा घातली होती. तिथे न्यायालयाने भागधारक, संपादक आणि वाचक यांच्या हक्काकडे पाहून ती मर्यादा रद्द केली. बारकाईने बघा: कंपनीच्या मागे जी हाडामांसाची माणसं आहेत, त्यांच्यामार्फत हा हक्क येतो. मग देणगीच्या बाबतीत विचारायला हवं की तुमच्या कंपनीच्या मागची माणसं कोण? दोघे भाऊ, हो. पण आत्याही, आणि चुलत बहीणही. त्यांना विचारलं आहे का?

मला टोचणारी गोष्ट इथलीच. नावं घेत नाही. इंदुरातली एक जुनी कुटुंबाची कंपनी, मी तिचं सेक्रेटरीचं काम बघायचे. २०२० च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नफा-तोटा पत्रकात एक ओळ होती, 'राजकीय देणगी', आणि पुढे आकडा. सत्तरीच्या एका बाईंनी, त्यांचे आठ टक्के शेअर होते, चष्मा सारखा करत विचारलं, "हे कुणाला दिले?" अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले. मी उत्तर दिलं की २०१७ नंतरच्या कायद्यानुसार फक्त एकूण रक्कम दाखवायची असते, पक्षाचं नाव सांगणं बंधनकारक नाही. अक्षरशः बरोबर उत्तर होतं ते. बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी अहवाल मिटून पर्समध्ये ठेवला. त्यांच्या दिवंगत यजमानांनी मशीनवर उभं राहून कमावलेल्या पैशातला आठ टक्के वाटा त्यांना न विचारता, न सांगता कुणाच्या तरी प्रचाराला गेला होता. आणि ते त्यांनी विचारू नये असं सांगायचं काम माझ्याकडून झालं.

मार्च २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने याद्या प्रसिद्ध केल्या. १४ तारखेला बाँड घेणाऱ्यांची एक यादी आणि वटवणाऱ्या पक्षांची दुसरी, पण कुणाचा बाँड कुणाकडे गेला हे जुळवता येत नव्हतं. न्यायालयाने स्टेट बँकेला पुन्हा फटकारल्यावर २१ तारखेला बाँडचे क्रमांकही आले आणि जोड्या लागल्या. मी बाईंना फोन करून सांगितलं. "मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली.

हा प्रश्न नवा नाही. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय देणग्या देण्यासाठी आपल्या घटनापत्रकात बदल करायचा होता, आणि एका भागधारकाने मुंबई उच्च न्यायालयात त्याला हरकत घेतली. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कायद्याप्रमाणे बदलाला मान्यता दिली, पण हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा आवळेल अशा अर्थाचा इशारा देऊन. १९६० मध्ये मर्यादा आली, १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी. बंदीच्या काळात पैसा थांबला नाही, तो रोखीत गेला आणि पक्षांच्या स्मरणिकांतल्या पानभर जाहिरातींत गेला. १९८५ मध्ये बंदी उठली, नफ्याच्या पाच टक्क्यांची मर्यादा आणि पक्षाचं नाव उघड करण्याची अट आली. २०१३ च्या कायद्यात पाचाचे साडेसात झाले. म्हणून पूर्ण बंदीची मागणी मला पटत नाही. आपण ती करून पाहिली आहे. नाव आणि आकडा उघड ठेवण्याची अट मात्र इतक्या वर्षांत बऱ्यापैकी टिकली होती, आणि २०१७ मध्ये त्यातली नेमकी नावाची अट काढली गेली.

निवडणूक बाँडची योजना २ जानेवारी २०१८ ला अधिसूचित झाली. स्टेट बँकेतून एक हजार ते एक कोटीपर्यंतचे बाँड घ्यायचे, पंधरा दिवसांत पक्षाने वटवायचे, कागदावर देणाऱ्याचं नाव नाही. सरकारची बाजू तुमच्याच भीतीची होती: देणगीदाराचं नाव गुप्त ठेवलं नाही तर त्याच्यावर सूड उगवला जाईल. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पीथमपूरच्या लहान कारखानदाराला वीज जोडणीपासून प्रदूषणाच्या परवान्यापर्यंत किती दारं ठोठवावी लागतात ते मी पाहते. पण बाँड हातात घेऊन पक्षाच्या दारात कोण गेलं? देणाराच. म्हणजे घेणाऱ्या पक्षाला नाव माहीत. बँक सरकारी, गुन्हा नोंदला गेला तर तपास यंत्रणेला माहिती मिळण्याची तरतूद योजनेतच. ज्याच्या सुडाची भीती, त्याला कळायच्या वाटा होत्या. अंधारात राहिला तो मतदार, आणि त्या सभेतल्या बाई. न्यायालयानेही निकालात हे टिपलं आहे. बाँडमधून आलेल्या रकमेपैकी सुमारे ९४ टक्के एक कोटीच्या बाँडांमधून आली होती, हेही त्यात आहे. लहान माणसाच्या राजकीय मताला संरक्षण द्यायला कोटीचा कागद लागत नाही.

२०२४ च्या त्या निकालात कलम १९ कसं वापरलं हे तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींचं एकमत होतं, न्या. संजीव खन्ना यांनी त्याच निष्कर्षाला वेगळ्या वाटेने येऊन स्वतंत्र निकाल लिहिला. उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, शिक्षण जाणून घेणं हा मतदाराच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे २००२ मध्येच ठरलं होतं. संसदेने ते पातळ करायचा प्रयत्न केला तेव्हा २००३ मध्ये न्यायालयाने तो हाणून पाडला. मत देणं ही अभिव्यक्ती, आणि माहितीशिवाय ती आंधळी. २०२४ मध्ये हाच धागा पक्षाच्या तिजोरीपर्यंत नेला. पक्षाला पैसा कुठून येतो हे कळलं तर त्याची धोरणं आणि देणाऱ्याचा फायदा यांचा संबंध मतदार तपासू शकतो. अमेरिकेने त्या स्वातंत्र्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या बाजूने लावला, आपल्या न्यायालयाने जाणून घेणाऱ्याच्या बाजूने. आणि जाणून घेणारा नागरिक आहे, तुमची कंपनी नाही.

"आमचं मत आमच्यापाशी" हा मुद्दाही न्यायालयाने उडवून लावलेला नाही. राजकीय ओढ खासगी ठेवण्याचा हक्क देणगीलाही लागू होतो, असं त्यात स्पष्ट आहे. पण आपल्या मताला पाठिंबा म्हणून दिलेले पैसे आणि बदल्यात काही मिळावं म्हणून दिलेले पैसे यांत फरक केला आहे, आणि कंपन्यांच्या देणग्या हा निव्वळ व्यावसायिक व्यवहार असतो असं म्हटलं आहे. व्यक्ती आणि कंपनी यांना एकाच पारड्यात टाकून दोघांनाही अमर्याद मोकळीक देणं आणि तोट्यातल्या कंपनीलाही देणगीची मुभा देणं, हे कलम १४ च्या समानतेविरुद्ध मनमानी ठरवलं. तोट्यातली कंपनी कोट्यवधींची देणगी देते तेव्हा पैसा दुसऱ्याच कुणाचा असण्याची शक्यता असते, हे सांगायला सेक्रेटरीची पदवी लागत नाही.

माझी तक्रार उरते ती संसदेकडे. आज कंपनीने धर्मादाय निधीला सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांहून जास्त द्यायचं झालं तर कलम १८१ प्रमाणे सर्वसाधारण सभेची आधी मंजुरी लागते. पक्षाला द्यायला मात्र संचालक मंडळाचा ठराव पुरतो. अनाथाश्रमासाठी भागधारकांना विचारा आणि पक्षासाठी नको, हे मला कधीच समजलेलं नाही. ब्रिटनमध्ये कंपनी कायदा २००६ नुसार वर्षाला पाच हजार पौंडांपेक्षा जास्त राजकीय देणगीला भागधारकांचा ठराव लागतो. सरकारी कंत्राट असलेल्या कंपनीवर अमेरिकेत संघीय निवडणुकीतल्या देणगीला वेगळी बंदीही आहे, आपल्या कलम १८२ मध्ये तशी बंदी नाही. या दोन गोष्टी आपल्या कायद्यात याव्यात असं मला मनापासून वाटतं.

तोवर तुम्ही काय करावं? तुमचं स्वतःचं राजकीय मत असेल, आणि असावंच, तर स्वतःच्या खात्यातून द्या. तुम्ही नागरिक आहात, तिथे मर्यादा नाही. फक्त रोखीत दोन हजारांवर देऊ नका. वीस हजारांवरची रक्कम असेल तर पक्षाला तुमचं नाव निवडणूक आयोगाला कळवावं लागतं.

कंपनीतूनच द्यायचं ठरलं तर तीन लाखांच्या आत, संचालक मंडळाच्या सभेत ठराव, सर्क्युलेशनने, म्हणजे सभा न घेता कागद फिरवून, नको. रोख एक रुपयाही नाही. धनादेश, ड्राफ्ट किंवा बँकेतून थेट. पक्ष लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली नोंदलेला आहे ना ते बघा. वर्षाच्या हिशेबात रक्कम आणि पक्षाचं नाव दोन्ही लिहा. इलेक्टोरल ट्रस्टचा, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थेचा, मार्गही आहे, त्यांना वर्षात जमलेल्या पैशातले ९५ टक्के पक्षांना वाटावे लागतात, पण तुमच्या आकाराच्या कंपनीला त्याची गरज नाही. आयकरात वजावट मिळते असं पक्षाची माणसं सांगतील. तुम्ही २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला असेल तर ती मिळत नाही, सीएला विचारून घ्या.

ठरावाच्या आधी, कायदा सांगत नसला तरी, सातही भागधारकांना पत्र पाठवा: अमुक पक्षाला अमुक रक्कम द्यायचा विचार आहे, हरकत असल्यास कळवा. पत्र मराठीत लिहा, आत्यांना वाचता येईल अशा अक्षरात.

आणि एक वाट तुम्हाला नक्की सुचवली जाईल, म्हणून आधीच सांगते. पक्षाची माणसं पुन्हा येतील आणि म्हणतील, तीन लाख चेकने द्या, उरलेल्या दोन लाखांची आमच्या स्मरणिकेत पानभर जाहिरात द्या, खर्च जाहिरातीत टाका. कलम १८२ मध्ये पक्षाच्या स्मरणिकेतली, पत्रिकेतली, पुस्तिकेतली जाहिरात ही देणगीच धरली आहे. तीनाचे पाच होतात, आणि दंड पाचांवर लागतो.